टाच दुखते तेव्हा पावलाला काय हवं असतं

टाच दुखू लागली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘हाड वाढलं असेल.’ मग एक्स-रे निघतो, टाचेच्या हाडाखाली खरोखरच एक बारीक टोक दिसतं आणि सगळ्यांची खात्री पटते. पाय टेकला की ते टोक आतून टोचतं, असं चित्र एकदा मनात बसलं की माणूस पाय टेकायलाच घाबरतो. वेदनाशामक गोळ्या, मलम, मऊ चप्पल, जमेल तेवढी विश्रांती असा आठवडा जातो. बरं वाटतं. गोळ्या थांबल्या की दुखणं परत येतं. असे महिने गेले की ‘आता हे असंच राहणार’ म्हणून चालणं कमी होतं, वजन वाढतं आणि टाच आणखी दुखते.

या दुखण्याला डॉक्टर प्लान्टार फॅसिआयटिस म्हणतात. ते बरं होणाऱ्यातलं आहे, आणि त्यासाठी लागणारं सामान म्हणजे एक टॉवेल आणि जिन्याची एक पायरी. शिवाय काही महिन्यांचा धीर. तरीही लोक ते वर्षानुवर्षं सोसत राहतात, कारण आत नेमकं काय बिघडलंय याची चुकीची कल्पना घेऊन उपचार चाललेले असतात. म्हणून आधी पावलाच्या आत डोकावू.

तळव्याच्या कातडीखाली चरबीचा थर असतो आणि त्याच्या आत एक पांढरा, चिवट पट्टा. टाचेच्या हाडाच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाला तो सुरू होतो, पुढे रुंद होत जातो आणि पाच फाटे फुटून पाचही बोटांच्या मुळाशी पोचतो. तो स्नायू नाही, त्यामुळे आपणहून आकसत नाही. कोलॅजनच्या तंतूंनी घट्ट विणलेला तो पट्टा पावलाची कमान तोलून धरतो. चालताना टाच उचलली जाते आणि बोटं मागे वळतात, त्या क्षणी हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जातो, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा. दोन टोकांमधलं अंतर कमी होतं, कमान उंचावते आणि एरवी लवचीक असलेलं पाऊल क्षणभर ताठ होतं. त्या ताठपणाच्या जोरावरच आपण शरीर पुढे ढकलतो. ही यंत्रणा बर्मिंगहॅमचे शल्यविशारद जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली मांडली. घरी पाहायची असेल तर सरळ उभे राहा आणि कुणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा हातानं वर उचलायला सांगा. कमान वर येताना डोळ्यांना दिसते.

या पट्ट्यावर ताण किती येतो? मृत व्यक्तींच्या पावलांना यंत्रावर ‘चालवून’ केलेल्या एका मोजणीत, टाच उचलतानाच्या क्षणी तो जवळपास शरीराच्या वजनाइतका भरला. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या या पट्ट्यावर पावलागणिक सत्तर किलोच्या आसपास ओढ. पोटरीचा स्नायू जितका जोरात टाच वर खेचतो, तितका खालचा पट्टाही ताणला जातो. पोटरी आणि तळवा हे जोडीनं काम करतात, ही गोष्ट पुढे उपचारात फार उपयोगाची आहे.

रात्री आपण झोपतो तेव्हा पाऊल खाली झुकलेलं राहतं, बोटं सैल पडतात. पोटरी आणि तळव्याचा पट्टा दोन्ही आखूड स्थितीत सहा-सात तास काढतात. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की अख्ख्या शरीराचं वजन एकदम त्या आखडलेल्या, आधीच दुखऱ्या भागावर येतं. टाचेत कळ जाते, भिंतीचा आधार घ्यावा लागतो. दहा-वीस पावलं चाललं की दुखणं ओसरतं, आणि दिवसभराच्या उभं राहण्यानंतर संध्याकाळी ठणका पुन्हा सुरू होतो. बराच वेळ बसून उठल्यावरही तेच होतं, मग ते सिनेमागृह असो की एसटीचा लांबचा प्रवास. हा क्रम इतका ठरलेला आहे की बहुतेक वेळा डॉक्टरांना तेवढं ऐकूनच निदान करता येतं. ते बोटं वर वळवून टाचेच्या पुढच्या-आतल्या कडेला अंगठ्यानं दाबतात. नेमकी तिथंच कळ आली की एक्स-रेची गरज सहसा उरत नाही. सोनोग्राफी केलीच तर हा पट्टा टाचेपाशी चार मिलिमीटरहून जाड झालेला दिसतो.

आता त्या ‘वाढलेल्या हाडा’विषयी. टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही हे टोक सापडतं, आणि टाचदुखी असलेल्या अनेकांच्या एक्स-रेत ते नसतं. टोक तसंच ठेवूनही दुखणं पूर्ण बरं होतं. ते टोचत नाही आणि ते काढून टाकायचीही गरज नाही. एवढं जरी रुग्णाच्या मनात नीट उतरलं तरी अर्धी भीती जाते, आणि भीती गेली की पाय हलू लागतो.

दुसरी समजूत सुजेची. ‘आत सूज आहे, ती उतरली की झालं’ या धारणेवर बहुतेक औषधोपचार उभा आहे. २००३ साली अमेरिकेतले पायाचे तज्ज्ञ हार्वी लेमॉन्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेले या पट्ट्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सूज आलेल्या ठिकाणी ज्या पेशी जमा व्हायला हव्यात त्या त्यांना तिथं दिसल्या नाहीत. दिसली ती झीज. कोलॅजनचे तंतू विस्कटलेले, जागोजागी क्षीण झालेले. हे जुन्या, हट्टी दुखण्याचे रुग्ण होते हे लक्षात ठेवायला हवं. सुरुवातीच्या दिवसांत थोडीफार सूज असू शकते, आणि म्हणूनच तेव्हा बर्फ किंवा गोळीनं बरं वाटतं. पण दुखणं महिन्या-दोन महिन्यांपेक्षा जुनं झालं असेल तर आत मुख्यतः न भरून आलेली झीज आहे असं धरून चालणं शहाणपणाचं. झिजलेले तंतू गोळीनं नव्यानं विणले जात नाहीत. ते विणले जातात मोजूनमापून दिलेल्या ताणानं, आणि त्याला वेळ लागतो. मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचा सगळा तपशील त्याच्या आधारानं येतो.

दहा माणसांतल्या एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी ही टाचदुखी गाठते, आणि बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान. २००३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टाचदुखी असलेल्या आणि नसलेल्या लोकांची तुलना केली गेली. तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. घोटा वर न वळणं, म्हणजेच पोटरी आखडलेली असणं. वजन जास्त असणं. आणि कामाचा बहुतेक दिवस उभ्यानं जाणं. तिन्हींमध्ये घोट्याचा आखडलेपणा सर्वांत जड भरला.

या तीन गोष्टी आपल्या घरात किती सहज जमतात ते पाहा. पूर्वी चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक आता ओट्यापुढे उभ्यानं होतो, तोही बहुतेक घरांत अनवाणी आणि शेणानं सारवलेल्या जमिनीऐवजी कडक टाइल्सवर. उकिडवं बसताना घोटा पूर्ण वर वळतो आणि पोटरी ताणली जाते. खुर्ची, डायनिंग टेबल आणि कमोड आल्यावर शहरातल्या माणसाच्या पायाला तो रोजचा ताण मिळेनासा झाला. सकाळी दोन तास ओटा, मग लोकलमध्ये उभं, मग शाळेत फळ्यापुढे किंवा दुकानात काउंटरमागे उभं, संध्याकाळी पुन्हा ओटा. एवढं झाल्यावर बाईची टाच दुखली तर ‘वयाप्रमाणे होतं’ म्हणून विषय संपवला जातो. तिची टाच वयामुळे कमी आणि उभं राहण्यामुळे जास्त दुखते आहे, आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे.

आणखी एक कारण म्हणजे कामात एकदम झालेली वाढ. वर्षभर खुर्चीत बसणारा माणूस आषाढी वारीत आळंदीहून निघतो आणि पुणे सोडल्यावर दिवे घाटाचा चढ चढतो. चढावर घोटा अधिक वळतो, पोटरी अधिक ओढते, आणि पंढरपूर गाठेपर्यंत अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात जातं. जे वारकरी शेतात वर्षभर चालतात त्यांचा पाय हे पेलतो. ज्यांनी तयारी केलेली नसते त्यांची टाच वाटेतच बोलू लागते. जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी नोव्हेंबरात जागे होणाऱ्या धावपटूंचं असंच होतं, आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये एकदम दिवसभर उभ्या राहणाऱ्या शिक्षकांचंही. वारीला जायचं असेल तर निदान दोन महिने आधीपासून चालणं आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवा, आणि नवी चप्पल वारीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

उपचाराची सुरुवात अंथरुणातच करायची असते. पाय खाली टेकवण्याआधी उठून बसा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. त्याच बाजूच्या हातानं पाचही बोटं त्यांच्या मुळाशी पकडा आणि नडगीच्या दिशेनं मागे ओढा, कमानीत ताण जाणवेपर्यंत. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवा, ताठ झालेला पट्टा बोटाला लागतो. लागला म्हणजे ताण बरोबर बसतो आहे. सावकाश दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसात हे तीनदा करायचं, पण सकाळचं पहिलं पाऊल टाकण्याआधीचं कधीही चुकवायचं नाही. दुपारीही बराच वेळ बसून उठायचं असेल तर उठण्याआधी एकदा करून घ्यावं.

इतकी साधी गोष्ट काय फरक पाडणार, असं वाटतं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथं बेनेडिक्ट डिजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांवर हे तपासलं. सगळ्यांचं दुखणं दहा महिने किंवा त्याहून जुनं होतं. एका गटाला फक्त पोटरीचा ताण शिकवला, दुसऱ्याला वर सांगितलेला तळव्याचा. आठ आठवड्यांनी सकाळच्या पहिल्या पावलाच्या दुखण्यात दुसरा गट स्पष्टपणे पुढे होता. दोन वर्षांनी ज्या ६६ जणांशी संपर्क झाला त्यांतले ६१ जण समाधानी होते. बिनखर्चाच्या उपायाकडून यापेक्षा जास्त काय मागायचं?

पोटरीचा ताणही सोडायचा नाही. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि शरीर पुढे झुकवून अर्धा मिनिट थांबायचं. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा अर्धा मिनिट, कारण पोटरीत एकाखाली एक दोन स्नायू आहेत आणि गुडघा वाकवल्याशिवाय आतला ताणला जात नाही. आपला घोटा किती आखडलाय हे पाहायचं असेल तर अंगठा भिंतीपासून पाच आडव्या बोटांवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहा. लागत नसेल तर पोटरीवर काम करायला हवं. दोन्ही पायांची तुलना करा, बऱ्याचदा दुखऱ्या बाजूचा घोटा जास्त अडलेला सापडतो.

ताणानं आराम पडतो, पण झिजलेल्या पट्ट्याला बळ देण्यासाठी पुढची पायरी लागते, आणि बहुतेक रुग्ण तिथवर पोचतच नाहीत. डेन्मार्कमधले मायकेल राथलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नेटकेपणानं मांडली आहे. जिन्याच्या खालच्या पायरीवर कठड्याला धरून उभे राहा. टाच पायरीबाहेर, हवेत. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील आणि तळव्याचा पट्टा आधीच ताणात येईल. आता तीन सेकंद घेत टाच वर उचला, वर दोन सेकंद थांबा, तीन सेकंद घेत खाली सोडा. घाई करायची नाही, हा व्यायाम सावकाशीमुळेच काम करतो. दिवसाआड करायचा, कारण तंतूंना मधला दिवस भरून यायला लागतो. सुरुवात बारा-बारा वेळांच्या तीन फेऱ्यांनी. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर. पुढे सोपं वाटू लागलं की पाठीवर पुस्तकांची बॅग घेऊन वजन वाढवायचं, वेळा कमी आणि फेऱ्या जास्त करत जायच्या. त्यांच्या ४८ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे ताण देणाऱ्यांपेक्षा बरेच बरे होते. वर्षअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले. म्हणजे दोन्ही वाटा पोचवतात, ही जरा लवकर.

व्यायाम करताना थोडं दुखणार. किती दुखलं तर चालेल? दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल हे त्याचं माप. कालच्या व्यायामानंतर आजची सकाळ नेहमीसारखीच असेल तर मात्रा बरोबर आहे. सकाळ जास्त वाईट असेल तर वजन किंवा फेऱ्या कमी करा, पण बंद करू नका. पूर्ण विश्रांतीनं हा पट्टा आणखी दुबळा होतो. धावणं, उड्या, लांबची चाल काही आठवडे कमी करा. त्याऐवजी पोहा, सायकल चालवा, म्हणजे दम टिकतो आणि वजनही वाढत नाही.

पादत्राणांबद्दल आपल्याकडे एक अडचण आहे. चप्पल दाराबाहेर काढायची हा संस्कार चांगलाच आहे, पण टाचदुखी असलेल्यानं घरात अनवाणी फरशीवर तासन् तास उभं राहणं हा संस्काराचा भाग नाही. फक्त घरात वापरायची, बाहेरची धूळ कधीच न पाहिलेली एक जोडी ठेवा, ओट्यापुढे उभं राहताना ती घाला आणि देवघरात जाताना काढा. एमसीआर चप्पल या नावानं मिळणारी मऊ रबराची चप्पल चपलांच्या दुकानात किंवा मेडिकलमध्ये सहज मिळते. अगदी सपाट, कडक तळाच्या चपला, कोल्हापुरीसुद्धा, दुखणं उतरेपर्यंत बाजूला ठेवलेल्या बऱ्या. टाचेकडे किंचित उंच आणि कमानीला आधार देणारे बूट बरे. मेडिकलमध्ये मिळणारी सिलिकॉनची टाचेची गादी थोडा आराम देते. पायाचं माप घेऊन बनवलेल्या महागड्या इनसोलसाठी मात्र आधीच हजारो रुपये घालू नका. मेलबर्नमध्ये १३५ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात तयार मिळणारे आणि मापाचे इनसोल सारखेच ठरले, आणि वर्षभरानं साध्या फोमच्या तुकड्यापेक्षाही त्यांचा म्हणण्यासारखा फायदा उरला नाही.

घरगुती उपायांची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातकंटक नावाचा विकार येतो, पाऊल वेडंवाकडं पडल्यामुळे घोट्या-टाचेच्या भागात होणारी वेदना असं त्याचं वर्णन आहे, आणि आजचे वैद्य टाचदुखीची सांगड त्याच्याशी घालतात. गावाकडे वीट तापवून तिच्यावर रुईची पानं ठेवून टाच शेकतात. काशाच्या वाटीनं तळव्याला तूप किंवा तेल चोळतात. शेकानं आणि चोळण्यानं आखडलेली पोटरी सैल होते, बरं वाटतं, झोप लागते. करायला काहीच हरकत नाही, फक्त त्यानंतर ताण आणि व्यायामही करा. दिवसभराच्या उभं राहण्यानंतर ठणका असेल तर पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून तळव्याखाली दहा-पंधरा मिनिटं फिरवा. शेक की बर्फ, असा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यानं ज्याला आराम पडतो ते त्यानं करावं.

एक इशारा मात्र ठामपणे द्यायला हवा. मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर तापलेली वीट, गरम पाण्याची पिशवी, बर्फ यांतलं काहीही पायाला लावू नका. चटका बसलेला कळत नाही, फोड येतो, जखम होते आणि ती भरत नाही. मधुमेहींच्या पायाच्या अनेक मोठ्या जखमा अशाच घरगुती शेकातून सुरू होतात. त्यांनी टाचदुखीसाठी आधी पाय डॉक्टरांना दाखवावा.

गोळ्यांचं स्थान लहान आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या सुरुवातीचे काही दिवस दुखणं आटोक्यात ठेवतात, त्यामुळे व्यायाम सुरू करणं सोपं जातं. महिनोन् महिने त्या घेत राहिल्यानं पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. मेडिकलवाल्याला सांगून आणलेली पट्टी घरात पडून असते आणि लागेल तशी घेतली जाते, हे थांबायला हवं. आधीच रक्तदाबाची, किडनीची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा आग्रह बऱ्याचदा रुग्णच धरतो. त्याला उद्या कामावर जायचं असतं, आणि तो आग्रह समजण्यासारखा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर ऑस्ट्रेलियन चाचणीत इंजेक्शन घेतलेल्यांचं दुखणं चार आठवड्यांपर्यंत कमी राहिलं, पण आठ आणि बारा आठवड्यांनी खोटं इंजेक्शन दिलेल्यांत आणि त्यांच्यात फरक उरला नाही. एवढ्या आरामासाठी पट्टा तुटण्याचा धोका असतो, आणि टाचेखालची चरबी विरून पातळ होण्याचाही. ती चरबी, दीड-दोन सेंटिमीटर जाडीची, टाचेची जन्माची गादी असते आणि एकदा गेली की परत येत नाही. त्यामुळे पहिल्याच भेटीत इंजेक्शन देऊ केलं तर ‘आधी व्यायाम करून पाहू का?’ असं जरूर विचारा. वारंवार इंजेक्शन तर नकोच.

फिजिओथेरपिस्ट विशिष्ट पद्धतीनं पावलाला पट्टी चिकटवतात, त्यानं आठवडाभर चांगला आराम मिळतो. रात्री पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट सकाळच्या कळेवर उपयोगी आहे, पण तो घालून झोप लागत नाही अशी अनेकांची तक्रार असते. सहा महिने नीट व्यायाम करूनही दुखणं हटलं नाही तर शॉकवेव्ह उपचाराचा विचार करता येतो. शस्त्रक्रिया फारच थोड्यांना लागते.

टाच दुखते म्हणजे प्रत्येक वेळी हेच असतं असं नाही. विशी-तिशीतल्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर अर्धा तास किंवा जास्त आखडत असेल तर तो कण्याचा संधिवात असू शकतो. त्याला रक्त तपासणी आणि संधिवाततज्ज्ञ लागतो, आणि उशीर महागात पडतो. जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते. रात्री झोपेत दुखणं, ताप, लाली किंवा डोळ्यांना दिसणारी सूज ही या दुखण्याची लक्षणं नव्हेत. दोन्ही बाजूंनी टाच दाबल्यावर तीव्र कळ आली तर हाडाला चीर गेलेली असू शकते. चालताना टक्‌कन काही तुटल्यासारखं वाटून पाय टेकवेनासा झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच मागच्या बाजूला दुखत असेल तर ते वाढत्या हाडाचं वेगळं दुखणं आहे, त्याला हा लेख लागू नाही.

बरं व्हायला किती दिवस? पहिला फरक चार ते आठ आठवड्यांत, पुरेसा आराम तीन ते सहा महिन्यांत, आणि काहींना वर्ष. मध्ये चांगले-वाईट दिवस येतात. एखादा वाईट दिवस आला म्हणून व्यायाम सोडणारे फार, आणि बहुतेक वेळा दुखणं उलटतं ते तिथंच. वजन जास्त असेल तर थोडं कमी झालं तरी टाचेला कळतं, कारण पावलागणिक पडणारा भार तेवढा हलका होतो.

एक गोष्ट मात्र रुग्णाच्या हातात नसते, ती म्हणजे कामावर बसायला मिळणं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ नं उभ्यानं काम करणाऱ्या कामगारांना, कामात संधी मिळेल तेव्हा बसता येईल अशी सोय करून देणं मालकावर बंधनकारक केलं होतं. दुकानांतल्या स्त्रियांना तेवढंही मिळत नव्हतं. कोझिकोडच्या साडीच्या आणि कापडाच्या दुकानांतल्या कामगार स्त्रियांनी वर्षानुवर्षं त्यासाठी आवाज उठवला, तेव्हा केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांच्या कायद्यात बसण्याच्या सोयीची तरतूद घातली. आपल्या बाजारपेठांतल्या कितीतरी दुकानांत आजही मुली सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभ्या असतात. दुकान तुमचं असेल तर काउंटरमागे आजच एक स्टूल ठेवा, आणि गिऱ्हाईक नसताना त्यावर बसायला कुणाला विचारावं लागणार नाही, हेही सगळ्यांना सांगून ठेवा.